‘बंधाऱ्यावर’ दिसतो, पण सापडत नाही : मोठ्या हस्तलिखिताची घडी कशी बसवावी

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीवर, म्हणजे नदीवर बंधारे घालून गावानं मिळून शेताला पाणी देण्याच्या जुन्या रीतीवर, पुस्तक लिहिते आहे. बारा प्रकरणं, सत्तर हजारांच्या आसपास शब्द आणि फाइली मात्र तेवीस. ‘प्रकरण ४ नवीन’, ‘प्रकरण ४ फायनल २’ अशी त्यांची नावं. पहिली पाच प्रकरणं काही वर्षांपूर्वी एका टायपिस्टकडून करून घेतली. पुढची मी स्वतः विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर वर्डमध्ये टाइप केली. ‘बंधारा’, ‘पाटकरी’ (पाटाचं पाणी सोडणारा), ‘पाणीवाटप’ हे शब्द सारखे येतात, म्हणून ऑटोकरेक्टमध्ये लघुरूपं घातली. ती कधी चालतात, कधी नाही. चालली तरी ‘बंधारा वर’ असं तुटक उमटतं. ‘बंधाऱ्यावर’ शोधलं तर जुन्या प्रकरणांत एकही सापडत नाही, डोळ्यांना तर पानोपानी दिसतो. अक्षरांचा आकार बदलला तर इंग्रजी मोठं होतं, मराठी तेवढंच राहतं. भाचा म्हणतो, हे सगळं सोडून स्क्रिव्हनर हे लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर घे. काय करू?

उत्तर : नमस्कार बाई. भाच्याचं लगेच ऐकू नका. स्क्रिव्हनर चांगलंच आहे, त्याबद्दल पुढे बोलू. पण तुमच्या बहुतेक अडचणी मजकुराच्या पोटात आहेत. मजकूर कुठेही हलवला तरी त्या सोबतच जातील.

सगळ्यात आधी तो न सापडणारा ‘बंधाऱ्यावर’. तुमचे डोळे बरोबर आहेत आणि वर्डही चुकत नाही. ‘ऱ्य’मधला तो आडव्या रेघेचा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो आणि युनिकोडला, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाला, दोन्ही मान्य आहेत. पहिली रीत तुमची : खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ. दुसरी रीत अशी : साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर आणि कागदावर दोन्हींचा आकार तोच. शोधताना मात्र वर्ड आकार बघत नाही, आतली चिन्हं जुळवतं. म्हणून तुम्ही पहिल्या रीतीनं विचारलेला शब्द दुसऱ्या रीतीनं लिहिलेल्या प्रकरणांत सापडत नाही.

खात्री करायला कुठलंही वेगळं साधन लागत नाही. जुन्या प्रकरणातला एक ‘बंधाऱ्या’ घ्या, त्याच्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा सावकाश दाबत जा. मराठीत बॅकस्पेस एका वेळी एकच चिन्ह खोडतो. आधी काना जाईल, मग य. मग एक-दोन दाबांनंतर हलन्त निघून एकटा र उरेल. त्याच्या खाली टिंब असेल तर तो तुमच्याच रीतीचा. टिंब नसेल आणि मधे एक दाब ‘वाया गेल्यासारखा’ वाटला असेल, तर तिथे ते अदृश्य चिन्ह होतं. झालं की कंट्रोल-झेड दाबून शब्द परत आणा.

दुरुस्तीसाठी कंट्रोल-एच. जुन्या प्रकरणातला फक्त ‘ऱ्य’ कॉपी करून वरच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत तो स्वतःच्या हातानं टाइप करा. मात्र ‘रिप्लेस ऑल’ लगेच दाबू नका. आधी ‘फाइंड नेक्स्ट’ दहा-पंधरा वेळा दाबून कुठे कुठे थांबतो ते बघा. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’ यांवर थांबत असेल तर अदृश्य चिन्ह शोधात धरलं जात नाहीये, आणि सरसकट बदल केलात तर ‘काऱ्य’, ‘सूऱ्य’ होऊन बसेल. तसं दिसलं तर य विसरा आणि ते अदृश्य चिन्हच शोधा : कळफलक इंग्रजी करून वरच्या चौकटीत टोपीचं चिन्ह (६ अंकाच्या वरचं), त्याला लागून छोटा यू आणि ८२०५ हा आकडा टाका. मग ते जिथे जिथे सापडेल तिथे एकेक बघून बदला. तुमच्या पाच प्रकरणांत त्याला एक दुपार लागेल. ‘ऱ्य’ झाला की हेच सगळं ‘ऱ्ह’साठी करा. कऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ हे शब्द लोक हमखास विसरतात.

तुमच्या विषयात हे जास्त बोचतं याचं कारणही सांगतो. बंधारा, पाटकरी, शेतकरी या शब्दांना विभक्ती लागली की बंधाऱ्या-, पाटकऱ्या-, शेतकऱ्या- होतं. म्हणजे पुस्तकाचे मुख्य शब्दच नेमके ‘ऱ्य’वर उभे आहेत. पुढे शब्दसूची करायला घ्याल तेव्हा हा घोळ तसाच राहिला असेल, तर निम्म्या नोंदी गळतील आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

याच जातीचे आणखी दोन घोळ जुन्या प्रकरणांत असतील. पहिला ‘ॲ’. १८७९च्या बॉम्बे इरिगेशन ॲक्टचा उल्लेख तुमच्या पुस्तकात असणारच. हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी, आणि सवयीनं त्यानंतरही, लोक अ टाइप करून वर अर्धचंद्र द्यायचे. परीक्षा तीच : ‘ॲ’च्या पुढे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. पूर्ण अक्षर गेलं तर एकसंध, ‘अ’ मागे उरला तर दोन तुकड्यांचं. इथे ‘रिप्लेस ऑल’ निर्धास्त करा, दोन तुकड्यांच्या अॅ-चा दुसरा अर्थ होत नाही.

दुसरा घोळ विसर्ग आणि कोलन यांचा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट आणि वजाची कळ दाबली की विसर्ग येतो. इंग्रजीत कोलन जिथे असतो त्या कळीवर मराठीत च आणि छ आहेत. त्यामुळे ‘पुढीलप्रमाणे’नंतर विसर्ग आणि ‘दुःख’मध्ये कोलन असा उलटा प्रकार सर्रास होतो. शब्दाच्या मध्ये कोलन घुसला की तिथे ओळ तुटू शकते आणि ‘दु’ एका ओळीत, ‘ख’ पुढच्या ओळीत पडतो. हा बदल मात्र सरसकट करता येत नाही. ‘स्वतः’, ‘विशेषतः’, ‘सामान्यतः’ यांच्या शेवटी विसर्गच हवा. कंट्रोल-एफमध्ये आधी विसर्ग शोधा, मग कोलन शोधा आणि एकेक निकाली काढा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

आता लघुरूपं.

कधी चालतात, कधी नाही, याचं कारण असं : ऑटोकरेक्टची यादी प्रत्येक भाषेची वेगळी असते. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेनं ती खिडकी उघडा आणि तिच्या माथ्यावरचा मथळा वाचा. तिथे ‘ऑटोकरेक्ट’ या शब्दापुढे भाषेचं नाव असतं. तुम्ही नोंद केली तेव्हा कर्सर इंग्रजी मजकुरात होता किंवा कळफलक इंग्रजी होता, तर ती नोंद इंग्रजीच्या यादीत गेली. मराठी टाइप करताना वर्ड त्या यादीकडे बघत नाही. उपाय सोपा आहे. विंडोज-स्पेसनं कळफलक मराठी करा, मराठी परिच्छेदात दोन अक्षरं टाइप करा, मग ती खिडकी उघडा, मथळ्यात मराठी आहे ना ते बघा आणि नोंदी नव्यानं घाला.

पण तुमच्यासाठी ऑटोकरेक्ट हे मुळात चुकीचं हत्यार आहे. त्यातलं लघुरूप स्पेस किंवा विरामचिन्ह टाइप केल्याशिवाय उलगडत नाही. इंग्रजीला ते चालतं, कारण तिथे शब्दाला मागून फारसं काही चिकटत नाही. मराठीत ‘बंधारा’नंतर लगेच ‘वर’, ‘तून’, ‘पाशी’, ‘च्या’ यायचं असतं आणि ते येताना शब्दाचं सामान्यरूपही व्हायचं असतं. म्हणून तुमच्याकडे ‘बंधारा वर’ उमटतं. ऑटोकरेक्ट ठेवा, पण हात नेहमी चुकतो तेवढ्यापुरतं : ‘आणी’चं ‘आणि’, ‘परंतू’चं ‘परंतु’.

विभक्ती लागणाऱ्या शब्दांसाठी वर्डमध्येच ऑटोटेक्स्ट नावाची सोय आहे. ती स्पेसवर नाही, एफ३ या कळीवर उलगडते आणि कर्सर शब्दाला चिकटूनच थांबतो. ‘बंधाऱ्या’ एवढंच टाइप करा. शिफ्ट दाबून बाणाच्या कळीनं तेवढीच अक्षरं निवडा. मागची स्पेस नको आणि परिच्छेदाच्या शेवटचं उलट्या ‘पी’सारखं चिन्ह तर मुळीच नको. ते चिन्ह सोबत गेलं तर शब्द घालताना परिच्छेदही तुटेल आणि जुन्या परिच्छेदाची शैली तिथे येऊन बसेल. निवडलं की ऑल्ट-एफ३. छोटी खिडकी उघडेल. नेममध्ये लघुरूप लिहा, गॅलरीमध्ये ‘ऑटोटेक्स्ट’ निवडा, सेव्ह इनमध्ये ‘नॉर्मल’ निवडा आणि ओके. आता नव्या ओळीवर ते लघुरूप टाइप करून एफ३ दाबा. ‘बंधाऱ्या’ येईल. हात न थांबवता ‘वर’ टाइप करा. लॅपटॉपवर एफ३नं आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर सोबत एफएन कळ दाबावी लागेल.

लघुरूपांना नावं कशी द्यायची, हा खरा मराठी प्रश्न आहे. इंग्रजी पुस्तकं सांगतात की सुरुवातीला अर्धविराम किंवा ॲट-चिन्ह लावा. इन्स्क्रिप्टवर अर्धविरामाच्या कळीनं च उमटतो, तेव्हा ते आपल्या कामाचं नाही. त्याऐवजी ळ वापरा. ळनं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. त्यामुळे ‘ळ’नं सुरू होणारं कुठलंही लघुरूप खऱ्या शब्दाशी टक्कर घेणार नाही. इन्स्क्रिप्टवर तो शिफ्ट-एन असा हाताशीही आहे.

प्रत्येक शब्दाची दोन रूपं करा, एक सुटं आणि एक सामान्यरूप. ‘ळब’ म्हणजे बंधारा, ‘ळबा’ म्हणजे बंधाऱ्या. ‘ळप’ म्हणजे पाटकरी, ‘ळपा’ म्हणजे पाटकऱ्या. नियम एकच ठेवा : काना लावला की सामान्यरूप. मग पाठ करावं लागत नाही. ‘पाणीवाटप’ला तिसरं एखादं रूप हवंसं वाटेल, पण ‘पाणीवाटपा’ इतका छोटा बदल हातानं होतो. त्यासाठी वेगळी नोंद नको.

पंधरा-वीस नोंदींच्या वर जाऊ नका. त्यापुढे कुठलं लघुरूप कशाचं हे आठवण्यात जो वेळ जातो, त्यात शब्द टाइप होऊन जातो. खरं तर ‘बंधाऱ्या’ला इन्स्क्रिप्टवर आठ कळा लागतात आणि ‘ळबा’ अधिक एफ३ला चार. म्हणजे वेळेची बचत फार मोठी नाही. मोठा फायदा वेगळाच आहे : शब्द प्रत्येक वेळी त्याच चिन्हांनी, त्याच लेखनानं येतो. वर सांगितलेला दोन रीतींचा घोळ पुन्हा होतच नाही.

जिथे वेळही भरपूर वाचतो ती जागा म्हणजे तळटीपा. तुम्ही जुन्या पाटकऱ्यांच्या, जागल्यांच्या (राखणदारांच्या) मुलाखती घेतल्या असतील तर प्रत्येक तळटीपेचा साचा एकच असणार. तो एकदाच तयार करा :

मुलाखत : ळळळ, गाव ळळळ, दिनांक ळळळ, ध्वनिमुद्रण क्रमांक ळळळ.

हे सगळं निवडून ‘ळमु’ या नावानं ऑटोटेक्स्टमध्ये ठेवा. तळटीप घालायला रेफरन्सेस पट्टीवरचं ‘इन्सर्ट फूटनोट’, मग ‘ळमु’, मग एफ३, मग जागा भरा. माहिती हाताशी नसेल तर ‘ळळळ’ तसंच राहू द्या. हीच तीन अक्षरं साऱ्या पुस्तकात ‘इथे काहीतरी राहिलं आहे’ याची खूण म्हणून वापरा : तारीख तपासायची आहे, नकाशा यायचा आहे, बंधाऱ्याची लांबी विचारायची आहे. लिहिताना थांबू नका, ‘ळळळ लांबी’ असं लिहून पुढे चला. रोज उठून कंट्रोल-एफमध्ये ‘ळळळ’ टाकलं की उरलेल्या कामांची यादी समोर असते. पुस्तक छापखान्यात जाताना हा शोध शून्यावर आला पाहिजे. ‘???’ किंवा पिवळा रंग यांपेक्षा हे बरं, कारण रंग फॉरमॅटिंग बदलताना उडतो आणि प्रश्नचिन्हं मुलाखतींतल्या खऱ्या प्रश्नांत मिसळतात.

शब्द शोधण्याबद्दल एक सावधगिरी. नदीचं नाव काही कागदपत्रांत ‘पांझरा’ असतं, काहींत ‘पांजरा’. तुम्ही एक ठरवा आणि उताऱ्यांतलं मूळ लेखन सोडून बाकी सगळीकडे तेच ठेवा. बदल करताना मात्र पूर्ण शब्द शोधून भागत नाही, कारण ‘पांजरेच्या’, ‘पांजरेवर’ सुटून जातात. मग कुणी म्हणेल, ‘पांजर’ एवढाच तुकडा शोधावा. तो सरसकट बदललात तर गावातला ‘पांजरपोळ’ ‘पांझरपोळ’ होईल. म्हणून ‘पांजरा’ आणि ‘पांजरे’ असे दोन वेगळे बदल करा. कुठलाही शब्द बदलण्याआधी त्याचं सामान्यरूप काय होतं ते मनाशी म्हणून बघा आणि दोन्ही रूपांचे तुकडे शोधा. ‘फाइंड होल वर्ड्स ओन्ली’वरची खूण काढून टाका, आपल्या प्रत्ययांशी तिचं जमत नाही.

आता तेवीस फाइली. एक करा. सत्तर हजार मराठी शब्दांचा नुसता मजकूर वर्डला जड नाही. वर्डची फाइल ५१२ एमबीपर्यंत जाऊ शकते आणि तुमचा मजकूर त्याच्या आसपासही फिरकत नाही. फाइल जड होते ती फोनवरून थेट चिकटवलेल्या फोटोंनी. एकेक फोटो चार-पाच एमबीचा, असे चाळीस म्हणजे काय होईल बघा. फोटो मजकुरात घालूच नका. ‘ळळळ छायाचित्र १२, बंधाऱ्याची सांडवा बाजू’ अशी ओळ ठेवा आणि मूळ फोटो त्याच क्रमांकाच्या नावानं वेगळ्या फोल्डरात ठेवा. प्रकाशकाला तसेही मूळ फोटोच वेगळे लागतात, वर्डमध्ये घालून आकसलेले नाही.

एकत्र करताना हा क्रम ठेवा. तेवीसच्या तेवीस फाइली ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात कॉपी करा आणि त्यांना पुन्हा हात लावू नका. प्रत्येक प्रकरणाची खरी ताजी प्रत कुठली हे ठरत नसेल तर रिव्ह्यू पट्टीवर ‘कम्पेअर’ आहे. दोन फाइली दिल्या की काय वाढलं, काय गळलं ते रंगात दाखवतं. मग एक कोरी फाइल उघडून तिच्यात आधी शैली ठरवा, त्यानंतर इन्सर्ट पट्टीवर ‘ऑब्जेक्ट’शेजारचा छोटा बाण दाबून ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’नं एकेक प्रकरण क्रमानं आणा. वर्डमध्ये ‘मास्टर डॉक्युमेंट’ नावाची एक सोय दिसेल, अनेक फाइली एका सूत्रात बांधणारी. तिच्या वाटेला जाऊ नका. ती फाइली बिघडवते असा लांबलचक प्रबंध लिहिणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

शैली ठरवताना तुमच्या आकाराच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतं आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपासून वेगळे साठवतं. होम पट्टीवरच्या शैलींत ‘नॉर्मल’वर उजवी क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, त्यात फॉन्ट. तिथे इंग्रजीचा एक कप्पा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा दुसरा. दोन्ही भरा, नाहीतर मराठी जागची हलत नाही. दुसरा कप्पाच दिसत नसेल तर ऑप्शन्समध्ये लँग्वेज इथे जाऊन मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून उघडा.

प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, आतल्या भागांना ‘हेडिंग २’, फार तर ‘हेडिंग ३’. शीर्षक हातानं ठळक आणि मोठं केलं तर डोळ्यांना शीर्षक दिसतं, वर्डला मात्र तो साधा परिच्छेदच वाटतो. शैली लावली की व्ह्यू पट्टीवर ‘नॅव्हिगेशन पेन’वर खूण करा. डावीकडे अख्ख्या पुस्तकाचा सांगाडा उभा राहतो. नावावर क्लिक केलं की तिथे पोहोचता, आणि नाव धरून वर-खाली ओढलं की तो पूर्ण भाग तळटीपांसकट हलतो, तळटीपांचे क्रमांकही आपोआप बदलतात. मात्र टायपिस्टनं तळटीपांचे आकडे हातानं टाइप केले असतील तर ते बदलणार नाहीत. पहिल्या पाच प्रकरणांत हे आधी तपासा : आकड्यावर दोनदा क्लिक केल्यावर कर्सर खालच्या टीपेत उडी मारत नसेल, तर ती टीप खरी तळटीप नाही. ती कापून नव्यानं घालावी लागेल.

हेडिंगसाठी कंट्रोल-ऑल्ट-१ ही कळ आहे. मराठी कळफलक चालू असताना तिनं शीर्षकाऐवजी अंक उमटला तर क्षणभर विंडोज-स्पेसनं इंग्रजीत जा. जुन्या प्रकरणांतले वेडेवाकडे समास कंट्रोल-क्यूनं निघतात. परिच्छेद शैलीच्या मूळ मापावर येतो, ठळक-तिरकी अक्षरं शाबूत राहतात. कंट्रोल-स्पेस मात्र टाळा, त्यानं तीही पुसली जातात. फाइल उघडल्यावर शिफ्ट-एफ५ दाबलं की काल जिथे थांबला होता तिथे कर्सर जातो. तिसरं आणि नववं प्रकरण शेजारी ठेवून वाचायचं असेल तर व्ह्यूमधलं ‘न्यू विंडो’ घ्या. ती दुसरी प्रत नसते, त्याच फाइलची दुसरी खिडकी असते, त्यामुळे कुठेही बदल केला तरी चालतो.

एखादं जुनं प्रकरण युनिकोडमध्येच नसेल अशीही शक्यता आहे. त्याचा फॉन्ट बदलून ‘निर्मला यूआय’ करून बघा. मजकूर इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर तो कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी अशा जुन्या फॉन्टमधला आहे आणि कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. या फॉन्टांत अक्षरं उच्चाराच्या क्रमानं नसून दिसण्याच्या क्रमानं ठेवलेली असतात. म्हणून रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. अशा प्रकरणाची कागदावर प्रत काढून मूळ मजकुराशी ओळ न् ओळ ताडून घ्या. त्याला दुसरा उपाय नाही.

स्क्रिव्हनरचं म्हणाल तर, छोटे छोटे तुकडे सुचतील तसे लिहून मग त्यांचा क्रम लावणाऱ्याला ते फार सोयीचं आहे. तुमचा क्रम लागलेला आहे. शिवाय प्रकाशक वर्डची फाइलच मागेल. पुढच्या पुस्तकाला कोऱ्या पानापासून सुरुवात कराल तेव्हा जरूर वापरून बघा. पैसे न घालता वर्डला पर्याय हवा असेल तर लिब्रेऑफिस रायटर घ्या. त्यातही ऑटोटेक्स्ट आहे आणि ते एफ३नंच उलगडतं.

जपणुकीचं थोडक्यात. ऑप्शन्समध्ये सेव्हखाली ऑटोरिकव्हर दहा मिनिटांवर असतं, ते तीनवर आणा. पण ती वीज गेल्यावरची सोय आहे, त्याला बॅकअप समजू नका. रोज काम संपलं की एफ१२ दाबून त्या दिवसाची प्रत ठेवा, नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, इंग्रजी अंकांत, म्हणजे प्रती आपोआप क्रमानं लागतात. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावातून हद्दपार करा. आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक स्वतःलाच ईमेलनं. तुमची ऑटोटेक्स्टं पुस्तकाच्या फाइलमध्ये नसतात, हे लक्षात ठेवा. ती ‘नॉर्मल’ या टेम्प्लेटमध्ये असतात. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स असं फोल्डरांमागून फोल्डर उघडत गेलात की ती फाइल मिळेल. संगणक बदलण्याआधी वर्ड बंद करून ती कॉपी करून घ्या. वर्ड बंद होताना ‘नॉर्मल’मधले बदल जपू का असं विचारलं तर होच म्हणा.

प्रकाशकाकडे पूर्ण पुस्तक धाडण्याआधी एकच पान पाठवा. त्यात बंधाऱ्यावर, पाटकऱ्यांनी, कऱ्हाड, ॲक्ट, दुःख, स्वतः, पूर्वार्ध, र्‍हस्व-दीर्घाची एक जोडी, एक तळटीप आणि दोन पातळ्यांची शीर्षकं असू द्या. त्यांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पान लावून पीडीएफ परत मागवा. इनडिझाइनमध्ये काम होत असेल तर ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोजर’ चालू आहे का, हे मांडणीकाराला आवर्जून विचारा. तो बंद असला की जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. तुमचा युनिकोड मजकूर ते पुन्हा जुन्या फॉन्टात नेणार असतील तर तेही आताच कळू द्या. तसं असेल तर मुद्रितं तपासताना सगळ्यात आधी कंसातले आकडे, रफार आणि प्रत्येक ‘ऱ्य’ बघा.